सायमनचं बोलणं आणि सासूबाईंचं आमीन

आधीच सांगून ठेवते, ह्या प्रकरणातलं मला अजून धड काही कळलेलं नाही. ज्यांना सगळं स्वच्छ समजून घ्यायचं असेल त्यांनी आमच्या हम्मादला विचारावं. माझा नवरा रुवैसला रिफायनरीत असतो, आठवड्याने घरी येतो, आणि जिथे तो हजर नव्हता त्या प्रत्येक गोष्टीतलं त्याला सगळं कळतं. मी मात्र हजर होते, म्हणून गोंधळलेय.

सायमन आमच्या अबुधाबीतल्या बिल्डिंगचा सिक्युरिटी गार्ड. केनियाचा. चाळिशी ओलांडलेला, काटकुळा, आणि उंच इतका की लिफ्टमध्ये शिरताना उगीच मान वाकवायचा. लॉबीत बसायला कंपनीने त्याला गुबगुबीत फिरती खुर्ची दिली होती. त्या खुर्चीवर तो कधी बसला नाही. त्याचं स्वतःचं एक लाकडी बसकं होतं, वीतभर उंचीचं, एकाच लाकडातून कोरलेलं, वापरून वापरून गुळगुळीत झालेलं. ड्युटीवर तो त्यावर बसायचा आणि दुपारच्या सुट्टीत मागच्या जिन्याखाली तेच मानेखाली घेऊन आडवा व्हायचा. बिल्डिंगमधल्या बायका म्हणायच्या, बघा, चांगली खुर्ची दिली तरी ह्याला लाकूड सोडवत नाही. मीही म्हणायचे.

बोलण्यात मात्र तो कुणाला हार जायचा नाही. मला 'गुड मॉर्निंग मॅडम', माझ्या लेकीला, फिझाला 'हाउ वॉज स्कूल', पार्किंगमध्ये आडवी गाडी लावणाऱ्याला हिंदीत 'भाईसाब, इधर नहीं', बिल्डिंगची देखभाल बघणाऱ्या नातूरला अरबीत 'यल्ला, खलास', आणि फोनवर दुसऱ्या केनियन गार्डांशी स्वाहिली. आम्ही म्हणायचो, ह्याने भाषांचं दुकानच उघडलंय. पण दुकानातला माल सगळा बाहेरून आणलेला असतो, हे कुणाच्या डोक्यात यायचं काही कारण नव्हतं. इथे मला तरी कोण विचारतं? 'इंडियन' म्हटलं की समोरचा हिंदी सुरू करतो, आणि मीही मुकाट्याने हिंदीत उत्तर देते.

आता आमच्या सासूबाई. मरियमबी, श्रीवर्धनच्या. सासरे गेल्यावर हम्मादने त्यांना इकडे आणलं. त्यांना कोकणी येते, मराठी येते, आणि उर्दू येते असं त्यांना वाटतं. त्यांचं माझं चांगलं पटतं, म्हणजे मी दिवसभर नोकरीला असते. असरची, दुपार उलटल्यावरची नमाज झाली की त्या खाली लॉबीत जायच्या, सायमनच्या त्या रिकाम्या खुर्चीवर बसायच्या आणि दिवस मावळता मगरिबच्या अजानला वर यायच्या. मी कामावरून परतताना रोज बघायचे, ह्या खुर्चीवर, तो लाकडावर, आणि गप्पा रंगलेल्या. दोन वर्षं हे चाललं होतं. कसल्या गप्पा, कुठल्या भाषेत, मी विचारलं नाही. मला वर जाऊन भात टाकायचा असायचा.

एकदा विचारलं तर म्हणाल्या, तो अरबी बोलतो, दीनदार माणूस आहे, शब्द कसे घशातून काढतो. तो दुवा मागतो, मी आमीन म्हणते. मी म्हटलं, अम्मी, त्याचं नाव सायमन आहे, तो ख्रिश्चन आहे. त्या म्हणाल्या, नाव काय माणूस स्वतः ठेवतो? तुझं नाव रुकय्या आणि चहा बघ कसा करतेस. ह्याचा त्याचा काय संबंध ते मला आजतागायत उमगलेलं नाही. फिझाला विचारलं तर तिने मोबाइलमधून मान वर न काढता सांगितलं, 'मम्मा, इट्स देअर थिंग.' मी विषय सोडला.

मग ऐन उन्हाळ्यात एक दिवस पार्किंगमध्ये एका गाडीला मागे घ्यायला सांगता सांगता सायमन खाली बसला, तो उठलाच नाही. स्ट्रोक. उजवा हात, उजवा पाय गेला. ॲम्ब्युलन्सने त्याला नेमकं मी काम करते त्या हॉस्पिटलात आणलं. नाव सांगत नाही, नोकरी आहे. मी डॉक्टर-बिक्टर नाही. इन्शुरन्सच्या डेस्कवर बसते आणि पेशंटच्या उपचारांना मंजुरी मिळवताना दिवसभर फोनवर डोकं फोडून घेते.

जीव वाचला. काही दिवसांनी सायमनने डोळे उघडले आणि तो बोलायला लागला, आणि तिथून सगळा घोळ सुरू झाला. तो बोलत होता भरपूर, पण त्यातलं एक अक्षर कुणाला कळत नव्हतं. न्यूरॉलॉजीच्या डॉक्टर सीरियाच्या आहेत, त्यांनी इंग्रजीत विचारलं, अरबीत विचारलं. वॉर्डात एक केनियन नर्स आहे, तिला बोलावून स्वाहिलीत विचारलं. तो प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायचा, मान हलवायचा आणि पुन्हा आपलं सुरू करायचा. नर्सने सांगितलं, ही स्वाहिली नाही, ही काहीच नाही. डावा हात वर कर म्हटलं तर करेना. उशी दिली की खाली टाकायचा. पुन्हा दिली, पुन्हा टाकली. डॉक्टरांनी मला समजावलं की मेंदूच्या एका ठरावीक भागाला मार बसला की असं होतं. माणूस धडाधड बोलतो, चढउतार बरोबर असतात, पण शब्द पोकळ. त्याला आपलंही कळत नाही आणि दुसऱ्याचंही. फाइलमध्ये लिहिलं गेलं की समज दिसत नाही, पेशंट अस्वस्थ.

जेवणाच्या सुट्टीत मी त्याला बघायला वर गेले. मला बघून त्याचा चेहरा उजळला, अगदी लॉबीत उजळायचा तसा. तो माझ्याशी बोलायला लागला, डावा हात हलवत, मध्येच थांबून, काहीतरी विचारल्यासारखं. मी नुसती बघत राहिले. माझ्या तोंडावर काय दिसलं असेल ते असेल, तो वाक्याच्या मध्येच थांबला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. मला रडू फुटलं. आणि रागही आला. कुणाचा, ते कळेना.

त्याच्या कंपनीचा माणूस निखिल, पुण्याचा. मी मराठी आहे म्हटल्यावर लगेच ताई म्हणायला लागला. माणूस वाईट नाही, पण कंपनीचा. त्याने सरळ सांगितलं की गुरुवारी डॉक्टर शेवटचा रिपोर्ट देणार. पेशंटला समज आहे, शिकवलं तर शिकेल, असं त्यात आलं तर इथेच रिहॅब, इन्शुरन्सवर, लागतील तितके महिने. समज नाही असं आलं तर व्हिसा कॅन्सल, आणि सोबत एक नर्स देऊन नैरोबीच्या विमानात. नैरोबीपर्यंत आमची जबाबदारी, ताई. मी विचारलं, पुढे? पुढे त्याच्या घरचं म्हणून जो नंबर दिलेला होता तो त्याला इकडे पाठवणाऱ्या एजंटचा निघाला, आणि तो बंद होता. त्याचं गाव नकाशावर बघितलं तर देशाच्या पार वरच्या टोकाला, इथिओपियाच्या सीमेवर. म्हणजे गुरुवारी त्या डॉक्टरीणबाईंच्या हातून एक ओळ चुकीची पडली की हा माणूस व्हीलचेअरवर नैरोबीच्या एअरपोर्टला उतरणार, कुणाला न कळणारं काहीतरी बोलत, आणि तिथले लोकही त्याला वेडाच समजणार.

घरी हे सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, मला ने. मी म्हटलं, अम्मी, तो ओळखेल पण बोलणार नाही. त्या ऐकतील तर ना. सकाळी उठून सांदणं केली, डबा भरला, खाली जाऊन सिक्युरिटीच्या टेबलाखालचं ते लाकूड उचललं आणि ओढणीत गुंडाळून काखेत मारलं. माझा पारा चढला. हॉस्पिटलात लाकूड घेऊन जायचं म्हणजे काय? गेटवर काय सांगायचं? त्या शांतपणे म्हणाल्या की त्याचं आहे, त्याला लागतं. टॅक्सीत बसल्यावर मीटरचे दिरहम मोठ्याने रुपयांत मोजत राहिल्या आणि हाय अल्ला करत राहिल्या. मी खिडकीबाहेर बघत बसले.

वॉर्डात गेल्यावर त्यांनी खुर्ची ओढली आणि लॉबीत बसतात तशा बसल्या. सायमन भिंतीकडून वळला. बोलायला लागला. ह्या म्हणाल्या, आमीन. तो आणखी बोलला. ह्या म्हणाल्या, आमीन, आमीन. नर्स हातातलं काम टाकून बघत उभी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हळूच म्हटलं की अम्मी, तो बरळतोय, त्याला काही कळत नाही, नका त्याला बोलायला लावू.

सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं जसं काही माझंच डोकं फिरलंय.

'बरळतो? असाच तर बोलतो तो रोज. आज जीभ जरा जड आहे, बाकी तेच.'

एवढं बोलून त्या उठल्या, त्याच्या डोक्याखालची उशी काढून नर्सच्या हातात दिली आणि ओढणीतलं ते लाकूड त्याच्या मानेखाली सरकवलं. सायमनने एक लांब श्वास सोडला आणि डोळे मिटले. तो शांत झोपला. नर्स उशी धरून तशीच उभी राहिली, आणि मीही.

आता माझी हालत बघा. असाच रोज बोलतो, म्हणजे काय? स्ट्रोकच्या आधीपासून दोन वर्षं तो रोज असंच बोलत असेल तर हे मेंदूचं बिघडणं कसं? आणि बिघडणं नसेल तर हे आहे काय? सासूबाईंना विचारलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं, अरबी. मी डॉक्टरांना गाठलं. त्यांनी हसू दाबून सांगितलं की ही कुठल्याही देशाची अरबी नाही. वॉर्डात साफसफाईला इथिओपियाची एक बाई येते, सायमनच्या गावापलीकडे तिचाच देश म्हणून तिला ऐकायला उभं केलं. ती म्हणाली की अम्हारिक नाही, आमच्या दक्षिणेकडच्या लोकांची चाल वाटते, पण मला कळत नाही. मग खाली फार्मसीतल्या होदान आठवल्या. त्या सोमालियाच्या, शांत बाई. त्या आल्या, पलंगाशी बसल्या आणि बराच वेळ नुसत्या ऐकत राहिल्या.

बाहेर आल्यावर म्हणाल्या, लग्नात लांबचा नातेवाईक भेटतो ना, नाक ओळखीचं वाटतं पण नाव आठवत नाही, तसं झालं मला. पाण्याला तो जे म्हणतो ते आमच्याच घरातलं वाटतं, पण वाक्य पकडायला गेलं की निसटतं. काही अक्षरं तो श्वास आत ओढून काढतो. ही भाषा आहे, रुकय्या, पक्की भाषा आहे, आणि आमच्या कुळातली आहे, कुशिटिक. मी म्हटलं, कसलं टिक? त्यांनी सांगितलं की सोमाली, ओरोमो, अफार असं ते एक मोठं कुटुंब आहे, आफ्रिकेच्या त्या शिंगासारख्या भागात पसरलेलं. आणि खूप खूप मागे गेलं तर ते कुटुंब आणि अरबीचं कुटुंब एकाच घरातून निघालेलं आहे. हे ऐकून माझं डोकं आणखी गरगरलं. म्हणजे सासूबाईंचं चूक की बरोबर?

तेही जाऊ दे. नातेवाईक सापडला तरी दुभाष्या कुठे होता? गुरुवार उद्यावर आला होता. मी निखिलच्या मागे लागले की त्याचा फोन आण, मुसफ्फाला कामगारांच्या कॅम्पवर पडलेला असेल. निखिलने बिचाऱ्याने आणला. बॅटरी संपत आलेली. चार्जला लावला तर तो अंगठ्याचा ठसा मागायला लागला. काय सांगावं ते कळेना म्हणून मी फोन नुसता सायमनसमोर धरला. त्याने डाव्या हाताने आपला निर्जीव उजवा हात उचलला, त्याचा अंगठा नीट वळवला आणि काचेवर टेकवला. फोन उघडला. मी धावत डॉक्टरांकडे गेले, म्हटलं, बघा, ह्याला समज आहे. डॉक्टर म्हणाल्या की सवय आहे ती, सवयी मागे राहतात. झालं! मी परत आले.

फोनमध्ये एकाच बाईचे कितीतरी व्हॉइस मेसेज होते. एक लावला. तीच चाल, तीच श्वास आत ओढलेली अक्षरं, बाईच्या आवाजात. सायमनने डोळे झाकून घेतले आणि त्याच्या गालावरून पाणी ओघळायला लागलं. म्हणजे ह्या जगात हे बोलणारं आणखी कुणीतरी होतं. मी तिथूनच त्या नंबरला फोन लावला. पलीकडे वारा आणि शेळ्या. बाईला माझं काही कळेना आणि मला तिचं. शेवटी तिच्या मुलाने फोन घेतला. तो तिथल्या शाळेत शिक्षक आहे, इंग्रजी बोलतो. ती सायमनची बहीण, हा भाचा. गाव इलेरेट, तुर्काना नावाच्या मोठ्या तळ्याच्या काठी.

भाच्याने सांगितलं की आम्ही दासनाच. भाषाही दासनाच. थोडे लोक केनियात, बरेच इथिओपियात, काही दक्षिण सुदानच्या बाजूला. तळ्यापलीकडचे तुर्काना लोक आम्हाला मेरिल्ले म्हणतात, जुन्या पुस्तकांत गेलेब लिहिलंय, आणि आमचं खरं नाव इंग्रजीत प्रत्येकजण वेगळं लिहितो. मी कपाळाला हात लावला. मी विचारलं, मग केनियाच्या नर्सला कसं कळलं नाही? त्याने फार सभ्यपणे विचारलं, मॅडम, तुम्हाला इंडियातल्या सगळ्या भाषा कळतात का? मी विषय बदलला.

मी म्हटलं, तुमच्या शेजारच्या त्या तुर्काना लोकांपैकी कुणी इथे मिळालं तर चालेल का? खूप गार्ड आहेत तिकडचे. तो म्हणाला की नाही चालणार. तळं एकच, पण त्यांच्या भाषेशी आमचं काही नातं नाही, तिचं कूळच वेगळं. आमची सख्खी म्हणावी ती आर्बोरे, ती इथिओपियात, थोडे लोक बोलतात. दुसरी सख्खी एल्मोलो, ह्याच तळ्याच्या काठची. पण त्या लोकांनी शेजारच्या सांबुरूंची बोली घेतली, आता त्यांची स्वतःची कुणी बोलत नाही म्हटलं तरी चालेल. रेंदिले आणि सोमाली चुलत. ओरोमो त्याहून लांबची. मी ऐकत राहिले आणि माझ्या डोळ्यांपुढे एक माणूस उभा राहिला, ज्याचा एक भाऊ लांब राहतो, एकाने तोंड मिटलंय, चुलत भावंडं लग्नाकार्यापुरती, आणि शेजारी परका. आणि असा माणूस अबुधाबीत पार्किंगच्या गाड्या हाकत होता. सायमन स्वाहिली शाळेत शिकला होता, इंग्रजी त्यानंतर, हिंदी आणि अरबी इथे. वरचं सगळं वाहून गेलं होतं, तळाचं तेवढं राहिलं होतं. डॉक्टर नंतर म्हणाल्या की असं कधी कधी होतं, नेहमी नाही. म्हणजे त्यांनाही नक्की माहीत नव्हतं. मला जरा बरं वाटलं.

डॉक्टर व्हिडिओ कॉलवरून तपासायला तयार झाल्या. गुरुवारी पलंगाभोवती डॉक्टर, निखिल, मी, फोनमध्ये भाचा आणि त्याच्या खांद्यामागे मण्यांच्या माळा घातलेली बहीण. सासूबाईंना कुणी बोलावलं नव्हतं, त्या खुर्चीवर होत्या. डॉक्टर इंग्रजीत विचारायच्या, भाचा त्याला दासनाचमध्ये विचारायचा, तो उत्तर द्यायचा, भाचा आम्हाला सांगायचा. नाव काय? त्याने सांगितलं, सायमन नव्हे, घरचं नाव, जे मला अजून नीट म्हणता येत नाही. कुठे आहेस? हॉस्पिटलात, अरबांच्या शहरात. डावा हात वर कर. केला. डोळे मीट. मिटले. उशी का टाकतोस? मान अडकते, ते लाकूड बरं. निखिल माझ्याकडे बघून हसला. डॉक्टर भराभर लिहीत होत्या. मी मनात फातेहा पढायला लागले होते.

मग डॉक्टरांनी सहज सासूबाईंकडे पेन दाखवलं आणि विचारलं की ह्या कोण?

सायमन बोलला.  भाच्याने पुन्हा विचारलं, सायमन पुन्हा तेच बोलला. भाचा अडखळत म्हणाला, 'तो म्हणतोय, इथे आपली भाषा जाणणारी ही एकच बाई आहे.'

डॉक्टरांचं पेन थांबलं. निखिलने मान खाली घातली.  श्रीवर्धनच्या मरियमबी आणि दासनाच! इतकं सगळं बरोबर येऊन शेवटी ह्याने असं बोलावं? म्हणजे भ्रम आहेच की मेंदूत. डॉक्टरांनी मला विचारलं, तुमच्या सासूला ही भाषा येते? मी काय सांगणार? येते म्हटलं तर धडधडीत खोटं. नाही म्हटलं तर नैरोबीचं विमान.

सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं, काय विचारते ती? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, मग? खोटा काय बोलला तो? डॉक्टर म्हणाल्या, त्यांना विचारा, ह्याने त्यांना काय काय सांगितलंय.

सासूबाई सांगायला लागल्या आणि मी जमेल तसं इंग्रजीत सांगत गेले. ह्याच्या गावाला मोठा पाण, म्हणजे तळं आहे, त्यात मगरी. हे त्याने दोन्ही हातांचा जबडा करून दाखवलंय. एक बैल होता, कपाळावर पांढरा, त्याचं नाव घेतो आणि हसतो. बहीण आहे, तिला मुलगा. भाचा फोनमध्ये प्रत्येक गोष्टीला मान हलवत होता. मग सासूबाई म्हणाल्या,

'आणि त्याची आय गेली. ईदच्या आधी. त्या दिवशी लाकूड बाजूला ठेवून तो नुसता जमिनीवर बसला. बोलला पुष्कळ. मी इचारला, आय? त्याने मान हलवली. मी फातेहा पढली, तो रडला, मी पण रडले. घरी येऊन तुला सांगणार होते, तू कांदा कापत होतीस.'

मी हे इंग्रजीत सांगितलं आणि फोनमध्ये आवाजच बंद झाला. मला वाटलं नेटवर्क गेलं. मग भाचा मागे वळला आणि त्याने हळू आवाजात आईला सगळं सांगितलं. त्या बाईने दोन्ही हात तोंडावर ठेवले. भाचा म्हणाला की आजी रमजान संपता संपता गेली. आईने मामाला व्हॉइस मेसेज पाठवला, एक नाही, कितीतरी. त्याने एकाचंही उत्तर दिलं नाही. आई म्हणायची की तिकडे जाऊन तो दगड झाला, आईसाठी रडलासुद्धा नाही. म्हणून ती त्याच्याशी बोलत नव्हती. बहीण फोनच्या अगदी जवळ आली आणि भावाला काहीतरी म्हणाली. सायमनने उत्तर दिलं. दोघं बोलत राहिले, बोलत राहिले. भाच्याने ते कुणाला सांगितलं नाही, आणि डॉक्टरांनीही विचारलं नाही.

रिपोर्टमध्ये डॉक्टरांनी काय लिहिलं ते मी इन्शुरन्सच्या डेस्कवर स्वतः वाचलं. समज पूर्ण, आकलन पूर्ण, पेशंटची भाषा दासनाच, रिहॅब सुरू करावं. 'ह्या कोण' ह्याच्या शेवटच्या उत्तरापुढेही त्यांनी बरोबर अशी खूण केली होती. ती मंजुरी मी त्याच दिवशी मिळवली, आणि फोनवर जितकं भांडायचं तितकं भांडले.

निखिलने नैरोबीचं तिकीट रद्द केलं. सायमन आता आधार घेऊन उभा राहतो. भाचा रोज फोनवर असतो, थेरपी करणारी बाई त्याच्याकडून शब्द लिहून घेते. परवा सायमनच्या तोंडून 'ठीक है' निघालं, इंग्रजीच्या आधी हिंदी आली म्हणून आमच्या बिल्डिंगमध्ये लोकांना आनंद झाला. मला त्यात आनंद कशाचा ते कळलं नाही.

हम्माद सुट्टीवर आल्यावर त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, सोपं आहे, अम्मीला हावभावांवरून कळत होतं. बघा, ह्याला लगेच कळलं. मी एका दुपारी सासूबाईंसमोर बसून कुशिटिक, सख्खी, चुलत, अरबीचं ते जुनं घर, सगळं पुन्हा पुन्हा समजावलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, म्हणजे अरबीच, लांबची. मी हात टेकले. त्यांना त्याचं कळत होतं की नव्हतं, आणि कळत होतं तर काय कळत होतं, हे मी अजून रात्रंदिवस स्वतःला विचारते.

गेल्या आठवड्यात सासूबाईंचे गुडघे धरले होते म्हणून डबा घेऊन मी एकटीच गेले. सायमन खिडकीजवळ त्या लाकडावर बसला होता, भिंतीला पाठ टेकून. मला बघून हसला आणि बोलायला लागला, लांबलचक, डावा हात हलवत, मध्येच आवाज खाली आणून. मग थांबला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला, त्या पहिल्या दिवशी बघितलं होतं तसाच. मला एक अक्षर कळलं नव्हतं.

मी म्हटलं, 'आमीन.'

सायमनने मान हलवली, आणि तो पुढे सांगायला लागला.